हिवाळाभर शेडमध्ये उभा होता ट्रेलर, आता पंप चालते पण पाणी येऊन नाही राहिलं

पऱ्हाटीवाला_दर्यापूर

राम राम मंडळी. प्रश्न जरा इचित्र आहे पण इथं मोटर-पाइपातले जाणकार लोक आहेत म्हणून टाकतो. आमच्याकडे एक झोपायचा ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागं ओढायची खोलीच समजा, आत दोन बेड, किचनचं सिंक, छोटं बाथरूम. भाऊजीनं सेकंडहँड घेतला होता, दोन वर्षं हौस झाली अन् मग आमच्या वावरात आणून सोडला, म्हणे तुमच्याकडे जागा आहे. दिवाळीत चिखलदऱ्याले नेला होता, तिथून आल्यावर टिनाच्या शेडमध्ये लावला तो आता होळी झाल्यावर बाहेर काढला. पोरांच्या परीक्षा संपल्या का ताडोब्याकडे जायचं ठरलं आहे म्हणून टाकीत पाणी भरलं, १०० लिटरची टाकी आहे खालून, अन् पंपाचं बटण दाबलं.

तर पंप नुसता गुरगुर करते, बंदच होत नाही. नळ उघडला का फस्स फस्स हवा, मग चुळकाभर पाणी, परत हवा. गरम पाण्याच्या नळातून तर थेंबही नाही. सिंकमधून वास असा का बायको आत जायले तयार नाही. पंप १२ व्होल्टचा बॅटरीवरचा आहे, गिझर करंटवरचा, टाकीवाला.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटाले असते, त्याच्याकडे पण असा ट्रेलर आहे. त्यानं नोव्हेंबरमध्येच फोनवर सांगतलं होतं का हिवाळ्याच्या आधी पाइपातलं पाणी काढ, गिझर खाली कर, गिझरचे कोक (पाणी चालू-बंद करायच्या चाव्या) फिरव अन् पाणी गोठू न देणारं गुलाबी अँटिफ्रीझ भर. अँटिफ्रीझ काही दर्यापुरात भेटलं नाही, बाकी जसं समजलं तसं केलं. आता तो म्हणते का पाइप फुटले असतील, सारी लाइन उघडा. खरंच फुटले असतील का? अन् गिझर चालू करून पाहू का, गरम लाइन मोकळी होईन?

बोअरवाला_मिस्त्री

भाऊ पयले शांत व्हा, पाइप बिइप काही फुटले नाहीत. तुमचा भाऊ खोटं नाही बोलत, पण त्याच्या गावचं बोलून राहिला. पाणी गोठलं का नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते अन् पाइपाले, नळाले, पंपाच्या डोक्याले तडकवते, त्यासाठी पारा शून्याच्या खाली जाऊन तिथंच तासन्‌तास राहायले पायजे. मिनेसोटात तसं महिनोमहिने राहते. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात नागपूरले साडेतीन डिग्री झालं होतं तर सारे बोंबलत होते, तेही शून्याच्या वरच. अन् गुलाबी नाही भेटलं म्हणून गाडीचं हिरवं कुलंट नाही ओतलं हे बरं केलं. ट्रेलरमध्ये टाकतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असते, गाडीचं बहुतेक इथिलीन ग्लायकॉल राहते, ते विष आहे, पोटात जायले नको.

आता पंपाचं. तुमच्या घरी बॅटरीवाला फवारणी पंप असेनच, कापूसवाल्याच्या घरी नसेन तर कुठं. तो पाठीवरचा उघडून पायला आहे का कधी? आत जो छोटा पंप राहते, १२ व्होल्टची मोटर, पुढं रबरी पडदा, दोन-तीन रबरी पाकळ्या अन् प्रेशरचं बटण, तोच कुटुंबातला भाऊ तुमच्या ट्रेलरमध्ये बसला आहे, जरा मोठा. ड्रिपले एक किलो प्रेशर पुरते, हा तीन किलोच्या आसपास गेला का स्वतःच कट होते. तुमचा कट होऊन नाही राहिला कारण प्रेशर बनूनच नाही राहिलं, अन् नळातून हवा येते म्हणजे कुठून तरी हवा घेऊन राहिला. विहिरीवरची मोटर हवा घेते तेव्हा आपण काय पाहतो? डिलिव्हरी नाही पाहत, सक्शन म्हणजे पाणी ओढायची बाजू पाहतो. टाकी ते पंप हा तुकडा पाहा. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक वाटीची गाळणी असेन, तिचं वायसर चार-पाच महिने कोरडं राहिलं का कडक होते, वाटी घट्ट वाटते पण हवा ओढते. अन् इथं पाणी टपकणार नाही, कारण पंप ओढते आहे, ढकलत नाही. म्हणून लोक फसतात, ओलं कुठंच दिसत नाही म्हणून सारं बरं आहे समजतात.

टेस्ट सांगतो. टाकीकडून येणारा पाइप पंपापासून काढा, हातभर दुसरा पाइप लावा, तो बादलीत बुडवा अन् बटण दाबा. बादलीतून पाणी उचललं तर पंप चांगला अन् खोट टाकीकडं. नाही उचललं तर पंपाच्या तोंडावर बोट ठेवून पाहा, बोट ओढल्यासारखं वाटलं पायजे. नसेन वाटत तर आतल्या पाकळ्या चिकटल्या आहेत, पंपात थोडं कोमट पाणी ओतून तासभर राहू द्या, बरेचदा सुटतात. अन् बॅटरी मोजा मीटरनं, चार महिने पडलेली बॅटरी वरून १२.६ दाखवते अन् लोड दिला का ११ च्या खाली बसते, मग पंप फक्त आवाज करते.

संत्रा_बाग_वरुड

एवढं कायले, दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, पाइपात क्षार बसला असेन. ड्रिपले देतो तसं ॲसिड सोडा एकदा, चकाचक.

बोअरवाला_मिस्त्री

दादा ड्रिपची नळी अन् हे सारखं नाही. ड्रिपले ॲसिड देतो तेव्हा प्लास्टिकमधून जाते, इथं पितळेचे नळ, रबरी पडदा, गिझरची लोखंडी टाकी, सारं खाऊन टाकेन. क्षार असेन तर लिंबूसत बस आहे. अन् नळाच्या तोंडाची जाळी काढून रातभर व्हिनेगरमध्ये टाका, अर्धं प्रेशर तिथंच अडकलेलं राहते खाऱ्या पाण्याच्या गावात.

टपरीवरचा_भाऊ

ट्रेलर इका अन् दोन खाटा घ्या राजेहो, खाटेले पंप नाही लागत 😄

पऱ्हाटीवाला_दर्यापूर

टपरीभाऊ, बायको पण हेच म्हणून राहिली.

मिस्त्री, तुमचं बरोबर निघालं. बादलीतून धडाधड उचललं. वाटी उघडली तर वायसर असं कडक का बोटानं दाबलं तर चीर पडली. कृषी केंद्रात गेलो, त्याच्याकडे फवारणी पंपाच्या रिंगांचा डबा होता, त्यातली एक बसली, दहा रुपयांत काम झालं. दुकानदार म्हणे कोणत्या कंपनीचा पंप आहे, मी काही सांगतलं नाही, कोण हसू करून घेते.

पण आता नवीनच. चालू केला का चार-पाच मिनिटं मस्त धार येते, मग बारीक बारीक होत जाते अन् पंपाचा आवाज बदलते, कण्हल्यासारखा. बंद करून दहा मिनिटांनी लावला का परत चांगला. टाकी अर्धी भरलेली आहे. गरम नळ अजून मेलेलाच आहे. घरी जुना फवारणी पंप पडला आहे, त्याचा पंप काढून लावून पाहू का?

मोहर्लीची_ताई

दादा तो फवारणीचा पंप अजिबात लावू नका, नवीन बसवा पण तो नको. धुतला म्हणून रबरातलं औषध जात नाही अन् त्याच पाण्यानं लेकरं चूळ भरणार. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्याकडे पर्यटकांसाठी तंबू आहेत, टाक्या-नळाचं रोजचंच आहे, म्हणून सांगते. तुमचा पंप बरा आहे, टाकीला श्वास घेता येत नाहीये. टाकीतून पाणी निघालं की तेवढी हवा आत यायला पाहिजे, त्यासाठी बारीक नळी बाहेर काढलेली असते, पाणी भरायच्या तोंडाजवळच जाळीचं भोक दिसेल. पंप कण्हायला लागला की पाणी भरायचं झाकण उघडा. फस्स करून हवा आत गेली आणि धार परत आली तर समजा ती नळी बंद आहे. नव्वद टक्के कुंभारमाशी असेल, मातीचं घर करते ती, तिला असं भोक फारच आवडतं. आमच्या एका टाकीच्या तर पोटात खळगा पडला होता, बाहेरून कोणी लाथ मारल्यासारखा. तारेनं जोरात आत ढकलू नका, माती टाकीत पडेल, बाहेरच्या बाजूनं ओली करून काढा आणि मग बारीक जाळी बांधा.

वासाचं सांगू का, सिंकच्या खाली वाकडा पाइप असतो ना त्यात नेहमी थोडं पाणी थांबलेलं असतं, तेच वास अडवतं. चार महिन्यांत ते वाळलं आणि सांडपाण्याच्या टाकीचा वास सरळ वर यायला लागला. सिंकमध्ये, बाथरूमच्या जाळीत दोन-दोन तांबे पाणी ओता, बरंचसं जाईल. संडासच्या भांड्यातही पाणी ठेवा, तळाचं रबर वाळतं.

आणि पिण्याआधी टाकी निर्जंतुक करा हो, तसंच नका वापरू. १०० लिटरला १५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, ताजी, चहाचे तीन-चार चमचे होतात. टाकीत कोरडी टाकायची नाही, बादलीत कालवायची, खाली साका बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी फक्त टाकीत. मग एकेक नळ उघडायचा, ब्लिचिंगचा वास आला की बंद. रात्रभर राहू द्या, सकाळी सगळं सोडून द्या, दोनदा साधं पाणी भरून काढा. लिंबूसत किंवा व्हिनेगर वापरणार असाल तर ते वेगळ्या दिवशी, मधे लाइन धुऊन. ब्लिचिंगमध्ये ॲसिड गेलं की विषारी वायू निघतो, बंद खोलीत तर नकोच.

वायरमन_कामठी

सारे पंपावर बोलून राहिले अन् गिझरचं कोणी बोललं नाही. भाऊ गिझरले हात लावू नका!! टाकी खाली केली होती ना तुम्ही नोव्हेंबरमध्ये? मग ती अजून खालीच आहे, गरम नळातून धार येत नाही तोवर गिझर भरला असं समजूच नका. रिकाम्या टाकीत कॉइल चालू केली का मिनिटभरात जळते.

आता गिझरच्या मागं पाहा, तीन कोक असतील. एक थंड आत जायचा, एक गरम बाहेर यायचा अन् एक मधला, दोघाले जोडणारा. रोजच्याले आतला-बाहेरचा उघडा अन् मधला बंद. साठवताना उलटं, आतला-बाहेरचा बंद अन् मधला उघडा, म्हणजे अँटिफ्रीझ गिझरात वाया न जाता तसंच पुढं जाते. तुमच्या भावानं हेच सांगतलं असेन. मधला उघडा असता तर गरम नळातून निदान थंड पाणी तरी आलं असतं. थेंब पण नाही म्हणजे तुम्ही तिन्ही बंद करून ठेवले, माझी शर्यत.

करायचं काय, गिझरचं बटण बंद ठेवा, जमलं तर वायरच काढा. खालचा बोल्ट लावला का पाहा. आतला-बाहेरचा कोक उघडा, मधला बंद करा, गरम नळ उघडून पंप चालू करा. पयले हवा थुंकेन, दहा-पंधरा लिटर गेल्यावर अखंड धार लागेन. ती लागली का मगच गिझर. अन् तो बोल्ट काढसान तेव्हा त्याच्यासंगं लांब दांडा येतो का पाहा, टाकी लोखंडाची असेन तर मॅग्नेशियमचा दांडा राहते, टाकीच्या ऐवजी तो गंजते. तुमच्या खाऱ्या पाण्यात लवकर संपेन. तार दिसायले लागली असेन तर बदला.

पऱ्हाटीवाला_दर्यापूर

तीन दिवस कपाशीच्या पऱ्हाट्या उपटणं चालू होतं म्हणून उशीर.

ताई, कुंभारमाशीच. झाकण उघडलं तर अशी हवा ओढली का माझ्या हातातून झाकण निसटलं. भोकातून मातीचं ढेकूळ निघालं, आत वाळलेल्या अळ्या. आता टाकी संपेपर्यंत एकसारखी धार आहे. वास पण गेला, सत्तर टक्के तरी. ब्लिचिंग काल रात्री केलं, पावडर ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून आणली, त्यानं विचारलं विहिरीत टाकता का, मी हो म्हटलं.

वायरमन भाऊ, शर्यत जिंकले तुम्ही, तिन्ही बंद. मावसभावाले फोटो पाठवला तर तो म्हणते मी दोन बंद अन् एक उघडा म्हटलं होतं, मले तर फोनमध्ये बंद बंदच ऐकू आलं होतं. कोक फिरवले, पाणी आलं, धार लागली. पण खरं सांगतो, तुमची पोस्ट वाचायच्या आदल्या दिवशी पोरानं गिझरचं बटण दाबून ठेवलं होतं, किती वेळ कोणाले माहीत. आता टाकी भरलेली आहे, बटण लावलं तर लाइट लागते पण पाणी थंडच. कॉइल गेलीच ना? दांड्याची तर नुसती तार उरली आहे, उंदराच्या शेपटीसारखी.

अन् एक लहानशी गोष्ट, रात्री सारे नळ बंद असताना पंप मधून मधून एकदा टुक करून थांबते. अर्ध्या तासानं परत टुक. झोप नाही लागत.

वायरमन_कामठी

कॉइल गेली. वायर काढून मीटरनं पाहा, दोन टोकांत काहीच नाही दाखवलं तर नक्की. माप घेऊन नागपुरात जा, व्होल्ट अन् वॅट दोन्ही लिहून न्या, जुनी कॉइल संगंच न्या. दांडा पण त्याच फेरीत. तोवर पाणी चुलीवर तापवा.

बोअरवाला_मिस्त्री

टुक म्हणजे प्रेशर हळूहळू उतरून राहिलं. रात्री टाकीतून येणाऱ्या पाइपाले कोक असेन तर तो बंद करून पाहा. टुक थांबलं तर पंपाच्या आतला नॉनरिटर्न वॉल (पाणी मागं न जाऊ देणारा) पाणी परत सोडून राहिला, पाकळीत कचरा असेन, गाळणी नव्हती लागली ना नीट तेव्हा गेला असेन. नाही थांबलं तर पुढं कुठं तरी थेंब आहे, संडासच्या फ्लशच्या मागं पयले हात फिरवा, मग सिंकखाली, अन् सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा, सकाळी ओला कुठं ते दिसते. शेडमध्ये उंदीर होते का? कापूस ठेवला असेन बाजूले तर होतेच. पाइपाच्या खालच्या अंगानं बोट फिरवा, दाताच्या खुणा लागतात.

अन् झोपताना पंपाचं बटणच बंद करत जा ना भौ.