चिपळूण ते पुणे: हातातला वॉकीटॉकी पुरणार नाही

महापुरात फोन बंद पडले तर चिपळूणहून पुण्याशी रेडिओवर कसं बोलायचं, या प्रश्नावर कुणीतरी ५ वॅटचा व्हीएचएफ (जवळपास सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींचा) हँडसेट सुचवलाय. गावापुरता तो उत्तम, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. रिपीटरशिवाय (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्राशिवाय) १४५ मेगाहर्ट्झचा हा सिग्नल घाट ओलांडत नाही आणि महापुरात रिपीटरची वीजही जाऊ शकते.

इथे एचएफच (व्हीएचएफपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीचा रेडिओ) हवा, ४० मीटर बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास. ७.१ मेगाहर्ट्झसाठी डायपोलच्या (मधून जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाच्या) प्रत्येक बाजूला सुमारे १० मीटर तार लागते, १०.३ मीटर कापा, मग एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळलाय ते दाखवणारा आकडा) बघत दोन्हीकडून सारखी छाटा. आणि उंच बांधू नका! ४-५ मीटरवर सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परततो आणि २००-३०० किलोमीटरचा परिसर व्यापतो. डोंगर आडवाच येत नाही. रात्री मात्र ७ मेगाहर्ट्झ जवळच्यांना सोडून लांबच पडू लागतो, म्हणून आणखी कमी फ्रिक्वेन्सीच्या ८० मीटर बँडची तारही (दर बाजूस २० मीटर) तयार ठेवा.

१०० वॅटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. बारीक वायर लावली की व्होल्टेज पडून सेट बंद होतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. वायर जाड, आखूड ठेवा, पॉवर २५ वॅटवर आणा.

हॅम (हौशी रेडिओ) परवाना लागतोच. परीक्षा पावसाळ्याआधीच द्या.