पोकलेन हलवायचं आहे, ट्रान्सपोर्टवाल्याला काय काय विचारून घ्यावं?

मंडळी,

21 टनांचं पोकलेन (चेनचं, टायरवालं नव्हे) एका साइटवरून दुसरीकडे न्यायचं आहे. दोन ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोललो आणि गोंधळ वाढला.

पहिल्याने फोनवर "किती टनी?" एवढंच विचारलं आणि भाडं सांगून मोकळा झाला. दुसऱ्याने उलटतपासणीच घेतली. बकेट धरून वजन किती, ब्रेकर (खडक फोडायचा जोड) सोबत न्यायचाय का, बूम (पुढचा लांब हात) दुमडल्यावर सगळ्यात उंच भाग कुठला, मशीन स्वतःच्या पायाने चढेल का, ट्रेलर वळायला जागा आहे का. टेप लावून पाहिलं तर उंची 3.1 मीटर भरली. लो-बेडचा (बुटक्या ट्रेलरचा) डेक मीटरभर धरला तर एकूण 4 मीटरच्या वर जातंय. वाटेत एक जुना रेल्वेपूल आहे. त्याखालून इतकी वर्षं जातोय, पण उंचीची पाटी कधी वाचली नव्हती!

दुसऱ्याचं भाडं अर्थातच जास्त आहे.

एवढी चिकित्सा करतोय कारण मागच्या खेपेला हात पोळलेत. तेव्हाच्या स्वस्तातल्या माणसाच्या पोरांनी साखळी थेट बकेट सिलिंडरच्या रॉडवरून टाकून आवळली. उतरवल्यावर बघतो तर क्रोमवर नखाला लागेल असा ओरखडा. चार दिवसांत सील गेलं, तेल झिरपायला लागलं. विचारलं तर म्हणे, "आधीचंच असेल." चढवण्यापूर्वीचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. काय बोलणार?

जाणकारांनी सांगावं: विमा फक्त प्रवासाचा असतो की चढ-उतारही त्यात येते? रॅम्पवर मशीन माझ्या ऑपरेटरने चढवावं की त्यांच्या? आणि सायलेन्सरचं तोंड झाकायला सांगतात, ते खरंच लागतं की उगाच?

प्रतिसाद

शेवटचं आधी. इंजिनाला टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर झाकाच. इंजिन बंद असताना वारा सायलेन्सरमधून आत घुसला तर टर्बो फिरतो, आणि तेव्हा त्याला तेल मिळत नसतं. बेअरिंग जातात. उतरवल्यावर स्टार्टर मारण्याआधी झाकण काढायला मात्र विसरू नका.

विम्याचं तोंडी ऐकू नका, पॉलिसीची प्रत मागा. चढ-उतार त्यात स्पष्ट लिहिलेली हवी, कारण मशीन कलंडतं ते बहुतेक रॅम्पवरच. लोखंडी रॅम्प ओला असेल किंवा चेनमध्ये चिखल असेल तर मशीन साबणासारखं घसरतं. चेन खरवडून घ्या, रॅम्पवर लाकडी फळ्या टाकायला लावा. कोण चढवणार हे भाडं ठरवतानाच लिहून घ्या. मी आमचाच ऑपरेटर देतो, मशीनची खोड त्याला माहीत असते.

साखळ्या खालच्या फ्रेमला, चारी कोपऱ्यांत. बूम-बकेटला वेगळी. स्विंग लॉक लावा, म्हणजे मशीनचा वरचा भाग फिरणार नाही. थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून साखळ्या पुन्हा आवळायच्याच, पहिल्या धक्क्यांनी त्या सैल पडतात. फोटो काढताना रॉड, काचा आणि तास-मीटर जवळून घ्या.

धागाकर्ता

आभारी आहे. पुलाची पाटी आज बघून आलो, 4.2 मीटर. दोघांनाही डेकची उंची विचारली. दुसरा म्हणाला 90 सेंटिमीटर, सकाळी ट्रेलरला टेप लावून फोटो पाठवतो. पहिला म्हणाला, "बसेल हो साहेब."