रि: म्युझिकल थिएटरच्या ऑडिशन – सगळं आधीच ठरलेलं असतं का?

प्रेषक: सीनियरची आई

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या लेकीचं गाणं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय, म्हणून इथेच विचारते. ती यंदा सीनियर, म्हणजे बारावीत. इथे अमेरिकेत म्युझिकल थिएटरच्या (गाणं, नाच, अभिनय असलेल्या नाटकांच्या) बीएफए पदवीसाठी तिने प्रीस्क्रीनचे, म्हणजे पहिल्या चाळणीचे, व्हिडिओ पाठवले होते. एकामागून एक नकार येतायत. प्रत्यक्ष ऑडिशनचं बोलावणंही नाही आणि कारण तर कोणीच सांगत नाही. तिच्याच वर्गातल्या एका मुलाला मात्र ठिकठिकाणी बोलावलंय. तो तिच्याहून कच्चा गातो, हे त्याची आईसुद्धा मान्य करेल! त्याच्या कोचची फी ऐकून माझे डोळे पांढरे झाले.

ही निवड खरंच गाणं ऐकून होते का? की आपल्या मुलांनी ह्या वाटेला जाऊच नये?

———

प्रेषक: काका (माजी खजिनदार)

ताई, वाईट वाटलं. पण आश्चर्य नाही वाटलं. आमच्या वेळी इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची मेरिट लिस्ट भिंतीवर लागायची. शेवटचा मुलगा किती मार्कांना आत गेला ते सगळ्या गावाला कळायचं. इथे चार प्राध्यापक नव्वद सेकंद बघतात आणि मान हलवतात. ह्याला निवड कसं म्हणायचं?

इथल्याच ऑर्केस्ट्रांनी ह्यावर उपाय काढलेला आहे. बॉस्टन सिम्फनीने १९५२ साली वादकाला पडद्याआड बसवून ऐकायला सुरुवात केली. पुढे बाकीच्यांनीही तेच केलं. बुटांच्या टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी गालिचेही घातले. गोल्डिन आणि राउज ह्या दोन अर्थतज्ज्ञ बाईंनी २००० साली त्यावर निबंध लिहिला, पडद्यामुळे बायकांची निवड वाढली असा. कॉलेजांना हे का जमू नये?

———

प्रेषक: मुलगा ह्या वाटेने गेलेली आई

काका, पडद्याआड टॅप डान्स कसा बघणार?

चेष्टा सोडते. (त्या निबंधातले आकडे तितके पक्के नाहीत, असं पुढे काही संख्याशास्त्रज्ञांनी दाखवलंय, पण तो वेगळा वाद.) माझा मुलगा ह्या चरकातून गेला आणि त्याला जागाही मिळाली, त्यामुळे मी बोलले तर कोणी द्राक्षं आंबट म्हणणार नाही.

ताई, तुमच्या पत्रात जे मला आधी दिसलं ते कोच नव्हे. तुमची मुलगी आहे आणि तो मुलगा आहे, ते दिसलं. ह्या कोर्सना अर्ज करणाऱ्यांत मुली कितीतरी जास्त असतात. वर्ग मात्र साधारण निम्मे मुलगे, निम्म्या मुली असा भरतात. नावाजलेल्या ठिकाणी सगळा वर्ग मिळून वीस-पंचवीसचा, कुठे त्याहूनही लहान, आणि अर्ज शेकड्यांनी, काही ठिकाणी हजाराच्या पुढे. म्हणजे मुलींची रांग लांब आणि खिडकी तेवढीच. माझ्या मुलाला ह्याचा फायदा झाला, हे मी त्याच्यासमोरही म्हणते. त्याला आवडत नाही.

हे असं का, तर त्यांना पुढची चार वर्षं त्याच मुलांतून नाटकं उभी करायची असतात. त्यामुळे ही परीक्षा कमी आणि नाटक कंपनीची भरती जास्त. काका, तुम्हाला संगीत नाटकाचं वेड आहे म्हणून आठवण करून देते. स्त्रीभूमिका गाजवलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीला तसा गाणारा नट हवा झाला. १९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. बालगंधर्वांचा गळा दैवी होताच, पण जागाही रिकामी होती. भाऊराव ऐन भरात असते तर? यंदा एखाद्या कॉलेजला उंच, खालच्या पट्टीतली मुलगी हवी असेल आणि तुमची लेक तार सप्तकातली असेल, तर ती कितीही चांगली गायली तरी पत्र दोन ओळींचंच येणार.

मला हे अन्यायाचं वाटतं का? भरती म्हणून नाही. पण तीच भरती ‘आम्ही फक्त गुण बघतो’ असं सांगून करतात आणि प्रत्येकाकडून अर्जाची फी घेतात, ते मला खटकतं. किती मुली आल्या, किती मुलगे आले, आत किती घेतले, एवढे आकडे वेबसाइटवर टाकले तर कुठल्या पालकाने किती ठिकाणी पैसे घालायचे ते तरी ठरवता येईल.

आता पैशाचं. पूर्वी प्रत्येक कॉलेजची व्हिडिओची मागणी वेगळी असायची. आता बऱ्याच कॉलेजांनी मिळून कॉमन प्रीस्क्रीन केलंय: एकमेकांहून वेगळ्या धाटणीची दोन गाणी, एखाददुसरं स्वगत, थोडा नाच, सगळे तुकडे छोटे, फार तर दीड मिनिटाचे. ही खरी सुधारणा, तेच व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी चालतात. फोनवर काढलेला व्हिडिओ चालतो असंही सांगतात. चालतोही. पण शेजारच्या चौकटीत कोणी स्टुडिओत, दिवे लावून, कोचने निवडलेलं गाणं गात असेल तर बघणारा माणूसच आहे. ‘तुझ्या टाइपला कुठलं गाणं शोभेल’ हे सांगण्याचेच कोच पैसे घेतात. गळा ते कोणाला देऊ शकत नाहीत.

प्रीस्क्रीन पार झालं की प्रवास. आपण शिकागोवाले त्यात नशीबवान. जानेवारी-फेब्रुवारीत युनिफाइड्स, म्हणजे एकत्र ऑडिशन, इथेच पामर हाउसमध्ये भरतात, अनेक कॉलेजं एकाच हॉटेलात. नेपरव्हिलहून ट्रेन पकडली की झालं. मॉन्टानातल्या मुलीला विमान, हॉटेल आणि आईची रजा. आम्ही तिथल्या लॉबीत बसलो होतो तेव्हा मुलं कोपऱ्याकोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून आवाज मोकळा करत होती, आणि त्यांच्या आया एकमेकींच्या फायली तिरक्या नजरेने वाचत होत्या. मीही वाचत होते.

———

प्रेषक: काका (माजी खजिनदार)

बालगंधर्वांना मध्ये आणून तुम्ही माझी बोलतीच बंद केलीत. तरी एक विचारतो. आपल्या मुलांच्या रंगाचा, नावाचा काही संबंध? की तेही मी म्हाताऱ्याने धरून ठेवलेलं?

———

प्रेषक: मुलगा ह्या वाटेने गेलेली आई

धरून ठेवलेलं नाही, काका. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यावर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये बंदी आणली, पण ‘ही नायिका दिसते का’ हा प्रश्न कोर्टात जात नाही. बदल मात्र होतोय. कोविडनंतर २०२१ मध्ये ब्रॉडवे (न्यूयॉर्कची मोठी नाट्यगृहं) पुन्हा उघडलं तेव्हा ‘अलादीन’मधली दोन्ही मुख्य कामं भारतीय वंशाच्या कलाकारांकडे होती, मायकेल मालियाकल आणि शोबा नारायण. आता आपल्या प्रत्येक मुलीला लोक त्यातल्या राजकन्येचं, जास्मिनचंच गाणं सुचवतात, ही त्यातली दुसरी गंमत.

ताई, लेकीने वाइल्ड कार्डचा व्हिडिओ पाठवला होता का? तो बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो आणि त्यात काहीही दाखवता येतं.

———

प्रेषक: सीनियरची आई

नाही पाठवला. कोणीतरी म्हणालं, त्यात नाट्यगीत गायलीस तर ‘हिला पाश्चात्त्य गाणं येत नाही’ असा समज होईल. ते ‘कोणीतरी’ म्हणजे मी नव्हे, तिचा व्हॉइस टीचर.

मुलगे-मुलींचं गणित रात्री तिला सांगितलं. रडेल असं वाटलं होतं, उलट चिडली आणि तासभर यादी घेऊन बसली. काही मोठी नावं खोडली, आणि ज्या कॉलेजांत बीए करून नाटक करता येतं, आणि आत जायला ऑडिशन लागत नाही, अशी घातली. काही अर्जांची मुदत अजून आहे, त्यामुळे नवे व्हिडिओ काढायचेत. वाइल्ड कार्डही. पण आमच्या बेसमेंटचं छत इतकं खाली आहे की नाचताना हात वर केला की पंख्याला लागतो.

———

प्रेषक: नाटक समिती

हॉल शनिवारी सकाळी नऊ ते बारा मोकळा आहे. दिवे आपलेच आहेत, निळा पडदा इस्त्री करून ठेवतो. भाडं नको, मंडळाच्या सभासदाचं मूल आहे. ज्यांची मुलं ज्युनियर (अकरावीत) आहेत त्यांनीही बघायला यावं, म्हणजे पुढच्या वर्षी धावपळ नको. साथीला पियानो वाजवणारं कोणी हवंय, हार्मोनियमवाले आमच्याकडे पुष्कळ आहेत.

आणि निवडीचा विषय निघालाच आहे तर, गणपतीच्या नाटकातलं मुख्य काम दरवर्षी अध्यक्षांच्याच घरात कसं जातं, ह्याबद्दल तीन पत्रं आली आहेत. त्यांना वेगळ्या धाग्यात उत्तर देतो.