केमो सुरू होण्याआधी केसांचे काय करावे?

प्रश्न: शिक्षिका, सांगली

नमस्कार. माझे वय ४६ असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. उजव्या स्तनातील गाठीची बायोप्सी होऊन कर्करोगाचे निदान झाले आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधीच केमो द्यायचे ठरवले असून, प्रथम ॲड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड यांचे दर तीन आठवड्यांनी एक असे ४ डोस आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेलचे दर आठवड्याला एक असे १२ डोस होणार आहेत. पहिला डोस पुढच्या पंधरवड्यात आहे.

आजाराबद्दल मी विचारलेल्या सर्व प्रश्नांना डॉक्टरांनी वेळ देऊन उत्तरे दिली; केसांचा विषय मात्र "जातील आणि परत येतील" एवढ्यावरच संपला. माझे केस कमरेपर्यंत आहेत. ते आताच कापावेत की गळू लागल्यावर पाहावे, थंड टोपी घालून केस वाचवता येतात असे एका सहकारी बाईंनी सांगितले त्यात कितपत तथ्य आहे, विग घ्यायचा तर केव्हा घ्यावा, आणि सासूबाई रोज माक्याचे तेल चोळायला सांगतात ते चालेल का, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. माझे मुंडण होणार ही कल्पनाच सासूबाईंना सहन होत नाही. मुलगा चौथीत आहे. त्याला कसे सांगावे हाही प्रश्न आहेच.

उत्तर: उपचार पूर्ण झालेली, पुणे

ताई, माझी औषधे हीच होती, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. या औषधांनी केस पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी जायला लागतात, म्हणजे दुसऱ्या डोसच्या आसपास. त्याआधी एक-दोन दिवस डोक्याची त्वचा हुळहुळी होते आणि उशीवर डोके टेकवले तरी केसांची मुळे दुखतात. हे कोणी आधी सांगत नाही, त्यामुळे बाई घाबरते. नंतर केस विंचरताना आणि न्हाताना पुंजक्यापुंजक्याने हातात येतात आणि मोरीच्या जाळीत अडकतात. कमरेइतके केस असे गळताना फार गुंता होतो, तो सोडवताना आणखी गळतात, आणि ते पाहणे प्रत्यक्ष टक्कल पडण्यापेक्षा जड जाते, असे माझे मत आहे.

म्हणून मी पहिल्या डोसच्या आधीच केस खांद्यापर्यंत कापले. कापण्याआधी दोन्ही टोकांना रबर लावून वेणी घातली आणि ती तशीच कापून घेतली. कर्करुग्णांच्या विगसाठी केस स्वीकारणाऱ्या संस्थांना बहुधा १० ते १२ इंच लांबीची, कोरडी आणि स्वच्छ वेणी लागते, तेव्हा द्यायची इच्छा असेल तर त्यांचे नियम आधी विचारून घ्या. गळती सुरू झाल्यावर मात्र वाट न पाहता घरीच मशीन फिरवून घेतले.

विग घ्यायचा असेल तर केस असतानाच जाऊन या, म्हणजे रंग, भांग आणि कपाळावरची केसांची रेषा जुळवता येते. केस गेल्यावर डोक्याचे माप थोडे कमी होते, त्यामुळे आतल्या पट्ट्या आवळता येणाराच विग निवडा. खऱ्या केसांचा विग सिंथेटिकच्या कित्येक पट महाग पडतो आणि त्याची निगाही अधिक राखावी लागते. सिंथेटिक विग घालून फोडणी टाकायला किंवा ओव्हनचे दार उघडायला उभे राहू नका, कारण गरम वाफेने त्याचे धागे पुढच्या बाजूने वितळून आखडतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. खरेदी करण्यापूर्वी तुमच्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी जरूर करा. अनेक ठिकाणी विग मोफत किंवा सवलतीत मिळतात.

उत्तर: केमो विभागातील परिचारिका, मुंबई

वरील ताईंचा सल्ला योग्य आहे, परंतु त्यातला क्रम बदलावा लागेल. थंड टोपी वापरायची की नाही हे आधी ठरवा आणि मगच कात्रीला हात लावा, कारण ती वापरायची असेल तर मुंडण करून चालत नाही. केस बेताचे कमी करायला हरकत नाही.

टोपीने डोक्याची त्वचा थंड होते, तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी पोहोचते. शिवाय थंडीमुळे मुळांमधील पेशींचे काम मंदावते, त्यामुळे पोहोचलेल्या औषधाचाही मारा कमी बसतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ५१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टोपी घातलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणींचे केस टिकले, तर न घातलेल्यांपैकी एकीचेही टिकले नाहीत. टिकले याचा अर्थ मात्र निम्म्याहून कमी गेले एवढाच धरायचा, विरळपणा येतोच. तुमच्या बाबतीत अडचण अशी आहे की टोपीचा उपयोग पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांबरोबर चांगला होतो आणि ॲड्रियामायसिनबरोबर बराच कमी होतो, आणि तुमची सुरुवात ॲड्रियामायसिननेच आहे.

टोपी सलाईनच्या सुमारे अर्धा तास आधी घालतात, औषध चालू असेपर्यंत ठेवतात आणि नंतरही तास-दीड तास काढत नाहीत. म्हणजे दर वेळी रुग्णालयातला मुक्काम वाढतो आणि खर्चही बहुधा वेगळा द्यावा लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे डोके फार दुखते, मग बधिरपणा येऊन सहन होते. थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांना आणि रक्ताचे काही विशिष्ट विकार असणाऱ्यांना ती देत नाहीत. टोपीमुळे डोक्यात कर्करोग शिल्लक राहील अशी भीती अनेकींना वाटते. स्तनाच्या कर्करोगात तसा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. तरीही निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टशी बोलूनच घ्यावा.

केस काढताना मशीन वापरा. वस्तरा किंवा रेझर नको. डोसनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि गळतीही त्याच सुमाराला सुरू होते, त्यामुळे छोट्याशा कापण्यातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. माक्याच्या तेलाने गळती थांबणार नाही. सासूबाईंचे मन राखण्यासाठी हलक्या हाताने साधे खोबरेल लावायला हरकत नाही, पण चोळणे, कांद्याचा रस आणि मेंदी या काळात नकोत, कारण त्वचा आधीच नाजूक झालेली असते. बायोटिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्यांच्यामुळे थायरॉइडच्या आणि इतर काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

भुवया आणि पापण्या बहुधा डोक्यावरच्या केसांनंतर जातात, अनेकदा पॅक्लिटॅक्सेल चालू असताना. नाकातले केसही जातात आणि नाक सतत वाहते. त्याला सर्दी समजू नका, मात्र ताप असेल तर लगेच रुग्णालयात कळवा. पुढे रेडिएशन झाले तर त्याने डोक्यावरचे केस जात नाहीत, कारण केस तिथेच जातात जिथे किरण दिले जातात.

उत्तर: एका रुग्णाचा पती, रत्नागिरी

विगबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कोकणातल्या दमट हवेत आमच्या घरी विग खोक्यातच राहिला. पत्नीने माझ्या आईच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे चौकोनी रुमाल शिवून घेतले आणि तेच वापरले; रेशमी किंवा पॉलिएस्टरचा स्कार्फ टकलावरून सारखा घसरतो, सुती घसरत नाही. उन्हात जाताना रुमालावर छत्री हवीच, कारण उघडी त्वचा लवकर भाजते. तुम्हाला वर्गात उभे राहायचे आहे, तेव्हा तुमची गरज निराळी असू शकते, हे मान्य आहे; परंतु विग घेतलाच पाहिजे असे समजून खर्च करू नये.

सासूबाईंविषयी लिहावेसे वाटते. आमच्या आईलाही मुंडण सहन होत नव्हते, आणि त्याचे कारण तिने पुष्कळ उशिरा सांगितले: तिच्या लहानपणी घरात केशवपन केलेली एक आत्या होती. सवाष्ण बाईचे डोके उघडे पाहणे त्या पिढीला अशुभ वाटते ते यामुळे. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापण्यास नकार दिला होता, तरी ती प्रथा त्यानंतरही कितीतरी वर्षे घराघरांत टिकून होती. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. औषध वाढणाऱ्या पेशींवर काम करते, केसांची मुळेही वाढणाऱ्या पेशींचीच असतात, म्हणून केस जातात, एवढे डॉक्टरांकडून त्यांना समजावून सांगा. सुनेपेक्षा डॉक्टरांचे त्या ऐकतील. शेजारीपाजारी विचारलेच तर बालाजीला केस दिले असे सांगणाऱ्याही बायका आहेत. खोटे बोलावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

मुलाला मात्र केस जाण्याआधी सांगा. आमच्या मुलीला हा आजार तिलाही लागेल का, एवढीच भीती होती. ती फिटल्यावर मशीन तिनेच धरले.

उत्तर: सध्या टॅमॉक्सिफेन चालू, नागपूर

केस परत येण्याबद्दल थोडेसे. शेवटच्या डोसनंतर काही आठवड्यांत मऊ लव दिसू लागते आणि पुढे महिन्याला साधारण एक सेंटीमीटर या गतीने केस वाढतात. माझे सरळ केस कुरळे आणि अधिक पांढरे आले. रंग लावण्याची घाई नको, माझ्या डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितले. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या संप्रेरकांवर (हार्मोनवर) काम करणाऱ्या गोळ्या चालू झाल्यावर केस थोडे विरळ होऊ शकतात. त्या भीतीने गोळी बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसे करू नये, डॉक्टरांना सांगावे. डोसिटॅक्सेल घेतलेल्या काही मोजक्या स्त्रियांचे केस पूर्ववत येत नाहीत, पण तुमच्या यादीत ते औषध दिसत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. आमच्या रुग्णालयात थंड टोपीची सोय नाही आणि ॲड्रियामायसिनमुळे फारशी आशाही नाही, म्हणून तो विचार सोडला आहे. रविवारी खांद्यापर्यंत केस कापून वेणी देणार आहे. शाळेसाठी सिंथेटिक विग आणि घरी रुमाल, असे ठरवले आहे. एकच शंका उरली: शस्त्रक्रियेपर्यंत केस थोडेफार परत आले, तर पुन्हा कापून ठेवावेत का?

उत्तर: केमो विभागातील परिचारिका, मुंबई

गरज नाही, तोवर ते बोटभरही नसतील. मात्र काखेतील गाठी काढल्यावर उजवा हात काही आठवडे डोक्यापर्यंत नेणे जड जाईल, त्यामुळे विग किंवा रुमाल डाव्या हाताने लावण्याची सवय आतापासून करा, आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेले खांद्याचे व्यायाम चुकवू नका.