एकेश्वरवादानं पाश्चात्त्य संस्कृतीला घडवलं की अडवलं?

पाथरवट
रोमच्या सिनेटमध्ये विजयादेवीची वेदी होती. सभासद तिच्यावर धूप टाकून कामाला बसायचे. ख्रिस्ती सम्राट ग्रेशियननं ३८२ मध्ये ती हलवली. दोन वर्षांनी रोमचा नगरप्रमुख सिम्माकस यानं नव्या सम्राटाला अर्ज केला, की वेदी परत बसवा, इतक्या मोठ्या गूढापाशी एकाच वाटेनं पोचता येत नाही. मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला आणि अर्ज फेटाळला गेला.

माझ्या मते त्या दिवशी सिम्माकस हरला आणि त्याची किंमत युरोप पुढं हजार-बाराशे वर्षं मोजत राहिला. ३९१-९२ मध्ये सम्राट थिओडोशियसनं बळी देण्यावर बंदी घातली, अलेक्झांड्रियात सेरापिस देवाचं मंदिर पाडलं गेलं, ४१५ मध्ये तिथंच हायपेशिया या गणितज्ञ बाईला जमावानं ठार मारलं. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियननं अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवणं बंद केलं. देव एक की अनेक, यावर माझा वाद नाही. ‘बाकीचे सगळे खोटे’ हे म्हणणं सत्तेच्या हाती पडलं की विचार खुंटतो. म्हणून मी म्हणतो, अडवलं. पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

दुर्बीण
अजिबात पटलं नाही. पूर्वेकडचं कॉन्स्टँटिनोपल तितकंच ख्रिस्ती होतं आणि तिथले नकलनवीस शतकानुशतकं ग्रीक ग्रंथ उतरवून घेत होते. आर्किमिडीज आज वाचायला मिळतो तो बराचसा त्यांच्यामुळे.

आता विज्ञानाचं बघा. खगोलशास्त्रज्ञ केप्लर मंगळाची कक्षा बसवत होता. वर्षानुवर्षं हिशोब करूनही टायको ब्राहेच्या वेधांशी ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक उरला. पूर्णचंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग! एवढ्याशा फरकाकडे काणाडोळा करणं सहज शक्य होतं. केप्लरनं मात्र लिहिलं, की देवकृपेनं टायकोसारखा निरीक्षक आपल्याला मिळालाय, तेव्हा हा फरक सोडून देता येत नाही. त्यानं वर्तुळ टाकलं, शेवटी लंबवर्तुळ हाती आलं आणि १६०९ मध्ये ग्रंथ छापला. विश्व एकाच बुद्धीनं रचलंय, म्हणून त्यातला नियम माणसाला सापडू शकतो, हा भरवसा ट्यूबिंगनला धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाचा आहे.

पाथरवट
केप्लरचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. १६०० मध्ये त्याला ग्राझ सोडावं लागलं, कारण तो प्रोटेस्टंट. लिंझला त्याच्याच ल्यूथरन पंथानं त्याला प्रभुभोजन नाकारलं, कारण पंथाच्या मतांवर तो सरसकट सही करेना. म्हाताऱ्या आईवर चेटकिणीचा खटला भरला, तिला १४ महिने डांबून ठेवलं. तिच्या बचावासाठी हा माणूस हातचं काम टाकून धावला.

आणि नियमांवरच्या भरवशासाठी एक देव कशाला लागतो? बाबिलोनवाल्यांनी ढीगभर देव पुजून १८ वर्षांचं ग्रहणचक्र बसवलंच की. ग्रीक खगोलज्ञ अरिस्टार्कसनं सूर्य मध्ये ठेवला तो ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात.

माळरान
तुम्ही दोघंही आकाशाकडे बघताय, जरा जमिनीवर या. रोममध्ये नको असलेलं मूल उघड्यावर टाकून द्यायची रीत होती, आणि टाकलेल्यांत मुली किती असायच्या! कुणी उचललं तर बहुधा गुलाम म्हणून वाढवायला. ३७४ मध्ये ख्रिस्ती सम्राटांनी अर्भकहत्या हा गुन्हा ठरवला. त्याच सुमारास बिशप बॅसिलनं सीझेरियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीत, आजारी आणि निराधारांसाठी मोठा आश्रम उभारला. जुने देव परत आणायला निघालेला सम्राट ज्युलियन आपल्याच पुजाऱ्याला खडसावतो, की हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. ही साक्ष विरोधकाची आहे. टाकून दिलेल्या त्या पोरीला विजयादेवीच्या वेदीनं काय दिलं, ते पाथरवट यांनी सांगावं.

कौलारू
मी गोव्याची, म्हणून राहवत नाही. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडता, आमच्याकडे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. १७३६ च्या हुकुमात तुळस लावायला बंदी, बिनमिठाचा भात शिजवायला बंदी. माणूस बाटला तरी त्याच्या चुलीवर पाळत! माळरान, तुमचा करुणेचा मुद्दा मला मान्य आहे, पण आमच्या दारी ती करुणा हा हुकूम घेऊन आली.

तरी पाथरवट यांचंही पटत नाही. ज्यू कितीतरी जुने एकेश्वरवादी. युरोपात त्यांच्या हाती राज्य नव्हतं, तर त्यांनी तिथं कुणाची वेदी पाडली? उलट १४९२ मध्ये स्पेननं त्यांनाच हाकललं. आणि अनेक देव मानणाऱ्या अथेन्सनं सॉक्रेटिसला विष पाजलंच ना?

पाथरवट
सत्ता नसेल तर एकेश्वरवाद कुणाला छळत नाही, हे तर माझंच म्हणणं झालं. सॉक्रेटिस गेला, पण त्याच अथेन्समध्ये प्लेटोनं शाळा काढली आणि ती चालू दिली गेली. ५२९ नंतर तिथल्या तत्त्वज्ञांना इराणच्या खुस्रोच्या दरबारी आसरा शोधावा लागला. माळरान, त्या पोरीला वेदीनं काही दिलं नाही, खरं आहे. पण तिला वाचवायला वेदी हलवण्याची गरज नव्हती.

दुर्बीण
इराणची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. ते तत्त्वज्ञ तिथं रमले नाहीत. जस्टिनियनशी झालेल्या ५३२ च्या तहात खुस्रोनं त्यांच्यासाठी कलम घालून घेतलं, की मायदेशी परतून त्यांनी आपल्या श्रद्धेनं जगावं, कुणी छळू नये. त्यांतल्या सिम्प्लिसियसनं अॅरिस्टॉटलवरची मोठमोठी भाष्यं त्यानंतर लिहिली. ती आपल्यापर्यंत पोचली ख्रिस्ती नकलनविसांच्या हातून.