रिसेंटमधून ॲप्स उडवून बॅटरी वाचत नाही

बॅटरी वाचवायला रिसेंटमधली, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतली सगळी ॲप्स सारखी स्वाइप करून उडवत राहा, असं कुणी कुणी सुचवतं. त्याने बॅटरी उलट जास्तच खर्च होते, कारण तेच ॲप पुन्हा उघडलं की सगळं नव्याने लोड होतं.

त्यापेक्षा अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराची यादी काढा आणि ॲपवर टॅप करा. फोरग्राउंड (ॲप समोर उघडं असताना) आणि बॅकग्राउंड (ते मागे चालू असताना) यांचे आकडे वेगळे दिसतात. बॅकग्राउंडचा मोठा असेल तिथेच 'बॅकग्राउंड डेटा' बंद करा, बॅटरीत 'रिस्ट्रिक्टेड' निवडा. शॉपिंग आणि गेम्स बेधडक आवळा. व्हॉट्सॲपला मात्र हे लावू नका, मेसेज उशिरा येतील. तिथे 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मोबाइल डेटावरचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवरची गुड मॉर्निंगची फुलं आपोआप उतरायची थांबतात. बॅकअपही फक्त वायफायवर.

लोकलमध्ये चार्जिंग भराभर उतरतं त्यात ॲप्सचा दोष थोडाच. धावत्या गाडीत फोन सतत टॉवर बदलतो, आणि रेंज कमी झाली की जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो. मुंबईच्या मेट्रो ३ च्या भुयारात रेंज गेली तर सरळ एअरप्लेन मोड लावा, फक्त क्यूआर तिकीट त्याआधी उघडून ठेवा.