शब्दचर्चा : दोन्हींना ‘महामंडळ’च म्हणायचे का?

भाषांतरी : लेखापरीक्षा अहवालाच्या एका प्रकरणाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात ‘स्टॅट्युटरी कॉर्पोरेशन’ आणि ‘गव्हर्नमेंट कंपनी’ अशा दोन गटांची तुलना आहे. पहिल्याला ‘वैधानिक महामंडळ’ आणि दुसऱ्याला ‘सरकारी कंपनी’ असे लिहून दिले होते. तपासणाऱ्यांनी ‘सरकारी कंपनी’ खोडून तिथेही ‘महामंडळ’ केले. यादीतल्या कंपन्यांच्या नावातच महामंडळ आहे, हे त्यांचे कारण. त्यामुळे दोन्ही रकान्यांचा मथळा एकच झालाय. काय करावे?

दप्तरी : तुमचेच शब्द ठेवा. नाव वेगळे आणि प्रकार वेगळा. सिडकोच्या नावात ‘विकास महामंडळ’ आहे, पण ती १९७० साली कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी. एमआयडीसीही महामंडळच, पण ते १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाने जन्माला घातलेले. एसटीच्या मागे १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा.

कंपनी असली की घटनापत्रक, नियमावली, भागभांडवल आणि कंपनी निबंधकाकडे नोंद हे सगळे आलेच. भरणा झालेल्या भांडवलात सरकारचा वाटा किमान ५१ टक्के असला की ती सरकारी कंपनी. वैधानिक महामंडळाचे अधिकार मात्र कायद्याच्या कलमांत असतात. त्यात भर घालायची तर दुरुस्ती विधेयक आणावे लागते, संचालक मंडळाच्या ठरावाने भागत नाही.

तुमच्या प्रकरणात हा फरक जास्तच महत्त्वाचा. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक सनदी लेखापाल असतो, त्याला कॅग (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) नेमतो आणि वर पूरक लेखापरीक्षा करू शकतो. एसटीची लेखापरीक्षा कॅग स्वतः करतो. दोन्हींना एकच शब्द घातला, तर आक्षेप कोणत्या लेखापरीक्षेतला आहे हेच वाचकाला कळणार नाही.

जुनापाना : सोपा उपाय आहे. नावापुढे ‘मर्यादित’ असेल तर कंपनी, नसेल तर वैधानिक.

दप्तरी : तेवढ्यावर विसंबू नका. ‘मर्यादित’ सहकारी पतसंस्थेच्या पाटीवरही असते आणि ती कंपनी नव्हे. शिवाय बातम्यांत आणि पत्रव्यवहारात ‘मर्यादित’ सर्रास गळते. रस्ते विकास महामंडळ ही १९९६ ची कंपनी, पण ‘मर्यादित’ जोडून तिचे नाव घेणारा विरळा. नोंदणीचा कागद किंवा स्थापनेचा कायदा यांपैकी एक काढायलाच हवा.

निरुक्त : गोंधळाचे मूळ ‘महामंडळ’ या शब्दातच आहे. मंडळ म्हणजे वर्तुळ, त्यावरून माणसांचा गट. महामंडळ म्हणजे मंडळांचे मंडळ. साहित्य महामंडळ हे या अर्थाने खरे महामंडळ, कारण ते संस्थांची मिळून झालेली संस्था आहे. एसटीच्या पोटात कुठली मंडळे आहेत? कॉर्पोरेशनला ‘निगम’ हाच शब्द हवा होता. प्राचीन काळी व्यापाऱ्यांच्या संघाला निगम म्हणत.

वहिवाट : ‘निगम’ हिंदीच्या कारभारातला. आपण ‘आयुर्विमा महामंडळ’ म्हणतो, ‘जीवन बीमा निगम’ नाही. ‘नगर निगम’ही नाही, महानगरपालिका. लोकांनी इतकी वर्षे वापरून रुळवलेला शब्द व्युत्पत्तीच्या नावाखाली काढून घेऊ नये.

निरुक्त : संस्कृत शब्द हिंदीने वापरला म्हणून तो आपला राहत नाही, हे मला मान्य नाही. आपल्याच अधिनियमांच्या मराठी पाठात ‘निगम निकाय’ असतो, म्हणजे स्वतःच्या नावाने मालमत्ता धरणारी, दावा लावणारी आणि जिच्यावर दावा लावता येतो अशी संस्था. तो शब्द काढून दाखवा.

वहिवाट : कलमात राहू दे. बोलण्यात लोक कायद्याला विचारत नाहीत. ६ जून २००५ ला वीज मंडळ संपले आणि त्याच्या चार कंपन्या झाल्या : सूत्रधारी (होल्डिंग) कंपनी, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. तरी गावात लाइट गेली की फोन ‘बोर्डा’लाच लावतात.

दप्तरी : बोलण्यात चालेल, अर्जात नाही. मंडळ म्हणून अर्ज केला तर तो पोचेल कुठे? बिलाची तक्रार महावितरणच्या कक्षाकडे, तिथे भागले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, त्यापुढे विद्युत लोकपालाकडे. दर ठरवतो विद्युत नियामक आयोग. दराबद्दलचे गाऱ्हाणे मंचाकडे नेले तर मंच त्यात काही करू शकत नाही.

निगडीकर : ‘प्राधिकरण’ही घ्या चर्चेत. आमच्याकडे ते वस्तीचे नाव आहे. ‘प्राधिकरणात राहतो’ म्हटले की पुरे. १९७२ चे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये गेले, काही भाग पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), काही महापालिकेकडे. वस्तीचे नाव मात्र तेच राहिले.

निरुक्त : व्याकरणात अधिकरण म्हणजे क्रियेचे ठिकाण, सप्तमीचा अर्थ. तेव्हा प्राधिकरण हे सत्तेचे ठिकाण झाले, निगडीकरांचा वापर व्युत्पत्तीला धरूनच आहे!

कलमबहाद्दर : प्राधिकरण आणि प्राधिकारी यांची सरमिसळ जास्त नुकसान करते. प्राधिकारी ही व्यक्ती, प्राधिकरण ही संस्था. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात पदनिर्देशित अधिकाऱ्याने (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने) मुदतीत सेवा दिली नाही किंवा नाकारली, तर तीस दिवसांत प्रथम अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करायचे. तो त्याच खात्यातला वरचा अधिकारी. पुढे द्वितीय अपील प्राधिकारी, मग सेवा हक्क आयोग. अधिकाऱ्याची कसूर ठरली तर त्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. माहितीपत्रकात ‘अपील प्राधिकरण’ छापले की माणूस वेगळ्या कचेरीचा पत्ता शोधत बसतो आणि तीस दिवस तिथेच जातात.

जुनापाना : मग नियमन करते ते प्राधिकरण, हे तरी धरायचे का?

कलमबहाद्दर : तेही नाही. विजेचे नियमन आयोग करतो, पाण्याचे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. जीवन प्राधिकरण पाणीयोजना उभारते, १९९७ पर्यंत ते मंडळच होते. म्हाडा प्राधिकरण आहे आणि तिच्या पोटात मुंबई, कोकण, पुणे अशी मंडळे आहेत. सिडको तर कंपनी असून नवी मुंबईपुरती नगररचना कायद्याखाली नवनगर विकास प्राधिकरणही आहे. एकाच संस्थेच्या अंगावर दोन झुली.

भाषांतरी : म्हणजे मथळा ‘वैधानिक महामंडळे’ आणि ‘सरकारी कंपन्या’ असाच ठेवू? तपासणारे तळटीप मागताहेत. आणि पुढच्या पानावर ‘डिपार्टमेंटल अंडरटेकिंग’ आहे, त्याला ‘विभागीय उपक्रम’ लिहिले आहे.

वहिवाट : ‘विभागीय’ नको! विभागीय आयुक्त म्हणजे पुणे, नाशिक अशा महसुली विभागाचा, विभागीय चौकशी मात्र खात्याची. एकच विशेषण, दोन अर्थ. ‘खात्यामार्फत चालवलेला उपक्रम’ लिहा.

निरुक्त : ‘खाते’ फारसी वळणाचे वाटते, शासकीय मजकुरात ‘विभाग’च हवा.

दप्तरी : फारसी म्हणून टाळायचे तर ‘दप्तर’, ‘अर्ज’ आणि ‘कायदा’ही टाळावे लागतील. आणि ‘महसूल व वन विभाग’ लिहिलेत तर तो मंत्रालयातला, ‘पुणे महसुली विभाग’ लिहिलेत तर पाच जिल्ह्यांचा. हा फरक तुम्ही कोणत्या शब्दाने दाखवणार, ते आधी सांगा.